मनाशेचा होकार

"माज्या पोराला हात लावू द्यायचा नाय," योखेवेद म्हणाली. हिलेलच्या अंगावरची चादर तिनं मुठीत धरली होती.

मनाशे तिचा नवरा. मुंबई सोडून इस्रायलमध्ये पेताह तिक्वाला आल्यापासून तो याच हॉस्पिटलच्या शवागारात कामाला होता. तपासणीनंतर प्रेतं शिवायची, धुवायची, कफनात गुंडाळायची. १९६३च्या त्या हिवाळ्यात समोर त्याचाच एकोणीस वर्षांचा मुलगा होता. आधी हात थरथरले, मग जीभ अडखळली, शेवटी काविळीनं नेलं. आजार कुणालाच ओळखता आला नाही. आणि आता त्याच्या धाकट्या बहिणीचे, पाझितचेही हात थरथरू लागले होते.

"शवविच्छेदनाला कायद्यानं तीन डॉक्टरांच्या सह्या पुरतात," डॉक्टर अमनोन म्हणाले, "पण तुला विचारल्याशिवाय मी करणार नाही. यकृत तपासलं तर कदाचित मुलीचा आजार कळेल."

"कदाचितसाठी मेलेल्याची विटंबना?" योखेवेदचा भाऊ येहेझकेल उसळला. सिनेगॉगमधली प्रार्थना तो चालवी. "भावजी, धर्मात मनाई म्हंजे मनाई. विषय संपला."

मनाशेनं डॉक्टरांना विचारलं, "तुमचं शास्त्र काय सांगतं? करावं?"

डॉक्टर म्हणाले, "शास्त्र म्हणतं, पाहिलं तर कळेल. करावं की नाही, ते सांगत नाही."

म्हणजे हे ओझं कुणीच उतरवून घेणार नव्हतं. मनाशे बायकोजवळ गेला.

"योखे, त्याचं सगळं त्याच्यासंगंच पुरीन. कायबी मागं ठेवणार नाय. पण पाझितला असं धुवायचं माज्यानं व्हायचं नाय."

तिनं मूठ सोडली नाही. त्यानंच तिची बोटं एकेक करून सोडवली.

डॉक्टरांची तपासणी झाल्यावर टाके त्यानं दुसऱ्या कुणाला घालू दिले नाहीत.

दफनाला येहेझकेल आला, प्रार्थनाही त्यानंच म्हटली. पण मनाशेचा हात हातात घेतला नाही.

हिलेलच्या यकृतात तांबं साठलेलं निघालं. त्यावरच्या गोळ्या परदेशातून मागवाव्या लागल्या. उन्हाळ्यापर्यंत पाझित पुन्हा पेन धरू लागली, "अबा, तिरए! बघा ना!" म्हणत बापाला आपलं अक्षर दाखवू लागली. योखेवेद तिला गोळी वेळेवर देई, नवऱ्याला ताट वाढी. त्या दिवसाविषयी मात्र तिनं अवाक्षर काढलं नाही.

पुढे एका सकाळी शवागाराबाहेर एक बाई त्याची वाट पाहत होती. नवरा रात्री गेला होता, डॉक्टरांनी तपासणीसाठी तिला विचारलं होतं.

"तू स्वतःच्या मुलाचं करू दिलंस म्हणे?"

"हो."

"मग ते बरोबर होतं ना?"

मनाशेच्या ओठांवर पुन्हा 'हो' आलं होतं. पण ते तिच्या वतीनं ठरवून टाकणं झालं असतं. बाक पुसून त्यानं तिला बसवलं, आणि कामावर जायचं सोडून तिच्या शेजारी बसून राहिला.