खालची उतरण

मळा गेला हे तातेरावला कळलं ते बायकोच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी उठून तो थेट पानमळ्यात गेला आणि बांधावरच थांबला. वेली पांगाऱ्यांवर जशाच्या तशा चढलेल्या होत्या, पण पानं उकडल्यासारखी लोळत होती. ऊन वर आलं तशी ती काळी पडत गेली. हातात धरलं की चिखलासारखी बोटांना लागायची.

पौष महिना होता. निजामाचा अंमल होता, पोलीस अ‍ॅक्शनला अजून दहा-बारा वर्षं होती. हट्टा गावाच्या अलीकडे ओढ्याच्या काठी तातेरावचा मळा. थंडी दरवर्षीच पडायची, पण तेराव्याच्या रात्रीची काही वेगळीच होती. पाव्हणे जेवले आणि शेकोटीला जे चिकटले ते उठलेच नाहीत. सकाळी ज्वारीच्या पानांवर मीठ पसरल्यासारखं पांढरं दहिवर होतं.

पानवेलीची जात नाजूक. तिला कडक ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही आणि थंडी तर मुळीच नाही. म्हणून मळ्याला चारी बाजूंनी आडोसा ठेवावा लागतो. थंडीचं वारं उत्तरेकडून येतं, त्या बाजूला तातेरावनं शेवरीची दाट ओळ वाढवली होती. त्यानं तिकडं पाहिलं तर ओळच नव्हती. वीतभर उंचीचे बुंधे उरले होते आणि पलीकडं शेजारच्या हिरासिंगचा गहू उघडा दिसत होता.

झालं होतं असं. पानमळ्यात सुतकाचं माणूस जात नाही. जोडा घालून कुणी जात नाही, विटाळाची बाई जात नाही, तसंच घरात कुणी वारलं की सुतक फिटेपर्यंत बांधालाही शिवायचं नाही. बायको, मनकर्णा, तापानं गेली आणि तातेराव घरात बसून राहिला. भावकीलाही सुतक होतं. तेव्हा हिरासिंगच आपण होऊन म्हणाला की पाण्याचं मी बघतो. त्यानं पाणी बराबर दिलं. तेराव्याच्या सैपाकाला जळण कमी पडलं तेव्हा तो विचारायलाही आला होता, मळ्याच्या कडेची शेवरी तोडू का म्हणून. तातेराव भिंतीला टेकून बसलेला. त्यानं मान हलवली. काय विचारलं ते त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. आणि जन्मभर गहू-ज्वारी केलेल्या हिरासिंगला कडेची शेवरी म्हणजे सरपण वाटलं, यात नवल नव्हतं. सुतक फिटलं तरी तातेरावचा मळ्यात जायचा जीव झाला नाही, आणि ओळ तुटल्याचं त्याला दिसलं नाही.

दुपारी हिरासिंग आला. मळ्यात न शिरता बांधाबाहेर उभा राहिला.

“तातेराव, ही माझ्या हातची करणी हाय.”

“मान मी हलवली,” तातेराव म्हणाला. “तू काहून मनाला लावून घ्यायला?”

गावातल्या जाणत्यांचं एकच मत पडलं. वेल सडली, आता ती ठेवण्यात अर्थ नाही. उपटा, जाळा, रान नांगरून मोकळं करा आणि पावसाळ्यात ज्वारी पेरा. त्यांचं चुकत नव्हतं. पण ती वेल मनकर्णेच्या माहेरची होती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत आली तेव्हा तिनं औंढ्याकडून ओल्या फडक्यात बेणं गुंडाळून आणलं होतं. गल्लीतल्या बाया हसल्या होत्या, लोकं माहेराहून लुगडं आणतात, ही दोऱ्या घेऊन आली. त्या दोऱ्यांचा मळा झाला. पोटी लेकरू नव्हतं. ती गेल्यावर तिचं म्हणावं असं घरात दोन लुगडी होती आणि रानात ही वेल.

तेराव्याला आलेली त्याची बहीण नर्मदाबाई अजून मागं राहिली होती. तिनं भाकरी वाढता वाढता सांगितलं, “दादा, गेल्याला धरून बसता येत न्हाई. हिरासिंग नांगर घेऊन येतो म्हणतो तर येऊ दे.”

तातेराव व्हय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नांगर येण्याआधी तो मळ्यात गेला. वेली फाळाला गुंतू नयेत म्हणून त्या आधीच खाली काढायच्या होत्या. हे काम तो दरवर्षी माघात करायचा, त्याला उतरण म्हणतात. वर्षभरात वेल हाताबाहेर उंच जाते, खालचा भाग उघडा पडतो. मग वरच्या माणसानं लव्हाळ्याचे बंद सोडून वेल खाली द्यायची आणि खालच्या माणसानं तो उघडा भाग वेटोळं करून बुडाशी मातीत पुरायचा. शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा, तो पुन्हा चढतो. वरचं काम तातेरावचं आणि खालचं मनकर्णेचं. ती हात हात खोल पुरायची, वरून माती दाबायची आणि केळीची वाळली पानं अंथरायची. वेळ मोडायचा. तातेराव वरून ओरडायचा, खजिना पुरायली का गं. ती मान वर न करता म्हणायची, “वरचं तुमचं, खालचं माझं. खालच्यात बोलायचं न्हाई.”

त्यानं पहिल्या वेलीचे बंद सोडले आणि सवयीनं न बघता हात मागं केला. हात तसाच राहिला. वेल कुणी धरली नाही.

मग त्यानंच ती खाली ठेवली आणि बुडाशी बसला. मातीत गेलेला दांडा धरून ओढला. सडलेली वेल हातासरशी यायला पाहिजे होती. आली नाही. त्यानं पुन्हा जोर लावला, तरी आली नाही. तेव्हा केळीची पानं बाजूला सारून त्यानं बोटांनी माती उकरली. बाहेर थंडीनं बोटं बधिर झाली होती, पण बोटभर खाली गेल्यावर माती कोमट लागली, गोठ्यात गाईच्या पोटाशी हात घातल्यासारखी. वरचं वेटोळं काळं पडलं होतं. त्याच्या खालचं टणक होतं. नखानं खरवडलं तर आत हिरवं, आणि रस आला. पांढरी मुळं चौफेर गेलेली, आणि एका पेरावर गव्हाच्या दाण्याएवढा कोंब.

तो दुसऱ्या वेलीकडं गेला. तिथंही तेच. उत्तरेच्या कडेला, जिथं वारं सरळ घुसलं होतं, तिथं त्याला कोपरापर्यंत हात घालावा लागला, पण खालचं वेटोळं तिथंही जितं होतं. थंडी जिथवर पोचली होती त्याच्या खाली मनकर्णेनं वेल पुरली होती. तातेराव मातीचे हात मांडीवर ठेवून तसाच बसून राहिला. ती गेल्यापासून पहिल्यांदा त्याची छाती मोकळी झाली.

हिरासिंग नांगर घेऊन आला तेव्हा तातेरावनं त्याला आत बोलावलं. हिरासिंगनं जोडा काढला आणि वाकून पाहिलं.

“वहिनीनं माझी लाज राखली,” तो म्हणाला. मग उठून बैलांकडं बघत म्हणाला, “यांना उगीच तकलीफ दिली मग.”

“पहिला विडा तुला.”

“मी पान खात न्हाई.”

“मग तुझ्या बैलाला.”

तातेरावनं मेलेलं सगळं कापून बांधाबाहेर जाळलं. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, ते तो सांजेला देत राहिला. बुडाशी वाळली पानं जाड अंथरली. माघात कोंब मातीबाहेर आले. नर्मदाबाई गावी निघाली तेव्हा ते बघायला मुद्दाम वाकडी वाट करून गेली आणि म्हणाली, आता बराबर जेवत जा. तो जेवायला लागलाच होता.

चैत्रात वेली खांद्याला आल्या. त्यानं एकेक बांधली. येत्या माघाची उतरण त्याला वरून आणि खालून एकट्यालाच करायची होती, आणि आता वेल किती खोल पुरायची हे त्याला ठाऊक होतं.

उत्तरेची बाजू मात्र उघडीच होती. शेवरीचं बी हिरासिंगनं आणून दिलं होतं. ते टाकायचं अजून राहिलं होतं.