दिगंबरबाबूंची हातवाली खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. पण कसलीही सोम्यागोम्या खुर्ची नव्हे हं! बहूबाजारातल्या चिनी सुताराने बर्मी सागाची घडवलेली, वेताच्या बैठकीची आणि मुख्य म्हणजे दोन हात असलेली. डलहौसी चौकातल्या आमच्या विमा कचेरीत हातवाल्या खुर्च्या फक्त साहेबलोकांना. बाबूंनी बिनहाताच्या खुर्चीवर बसायचं, असा रिवाज. गोरे गेले, देश स्वतंत्र झाला, पण हा मेला रिवाज काही गेला नाही.

दिगंबर कारखानीस इथले हेडक्लार्क. ट्रॅमचा संप होता तेव्हा हे गृहस्थ दूरच्या बेहालाहून पायी आले होते! त्यांच्या भावाने, श्यामरावांनी, त्यांच्यासाठी नागपुरात नोकरी पाहून ठेवली होती. बायको कालिंदीबाईंचा जीव तिकडेच. "पोरं आता भांडतातसुद्धा बंगालीत," म्हणायच्या. फक्त होकार कळवायचा बाकी होता.

अशात एका शनिवारी मॅनेजर शरच्चंद्रबाबूंनी मला सगळ्यांसमोर आणवलं. "दिगंबरबाबू, तुमच्यावाचून इथलं पान हलत नाही. आजपासून ही तुमची."

टाळ्या पडल्या. दिगंबरबाबू आधी बसेचनात. बसले तेव्हा त्यांनी माझे हात घट्ट धरले.

कालिंदीबाई मुद्दाम मला बघायला आल्या. "हिच्यापायी नागपूर सोडताय?"

"अगं, खुर्चीचं काय घेऊन बसलीस? साहेबांनी मला ओळखलं, हे थोडं का झालं?"

नागपूरला नकार गेला. बाई रुसल्या, पण दुर्गापूजेची सुट्टी संपली तेव्हा दसऱ्याचं हळदकुंकू पुडीत बांधून त्यांनीच दिलं. दिगंबरबाबूंनी ते माझ्या उजव्या हाताला लावलं. मी फुशारले, खोटं कशाला बोलू? आणि हा माणूस काय राबायला लागला! दुसऱ्यांची तुंबलेली कामंसुद्धा न सांगता उरकायचा.

मग मुंबईहून कंपनीचे बडे पाहुणे आले. केबिनमध्ये एक खुर्ची कमी पडली. चपराशी सरळ आला आणि मला उचलून घेऊन गेला. दिगंबरबाबू हातात कागद घेऊन मागोमाग आले. शरच्चंद्रबाबूंची नजर कुंकवावर गेली.

"अरे, पाहुण्यांचे कपडे खराब होतील. पूस ते!"

ओलं फडकं माझ्या हातावरून फिरलं. दिगंबरबाबू दारातच उभे होते. माझा जीव टांगणीला लागला. बोला ना हो काहीतरी! ते कागद उलगडत आत आले. सगळे बसून चहा पीत होते आणि हे उभ्यानेच कंपनीचं काम समजावून सांगत होते. 'बसा' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मी तिथेच होते, एका परक्याच्या बुडाखाली. जळफळाट झाला माझा.

पाहुणे गेले तरी मी केबिनमध्येच राहिले. दिगंबरबाबूंनी मला मागितलं नाही. घंटा झाली की टेबल आवरून निघायचे. कुणाच्या अडल्या कामाला हात लावायचे नाहीत. चूक एक काढता येईना, पण शरच्चंद्रबाबूंना धडकी भरली. हे जायचं आज सांगतील की उद्या, असं त्यांचं चाललेलं. शेवटी एक दिवस दिगंबरबाबूंनी नोकरी सोडतो म्हणून सांगितलंच.

"खुर्चीसाठी? अहो, आत्ता देतो परत!"

"खुर्चीसाठी नाही, साहेब. 'घेऊ का' एवढं विचारलं असतंत, तर मीच उचलून आणून दिली असती."

नागपूरची जागा केव्हाच भरली होती. तरी इथली नोकरी सोडून गेले. पुढची भाकरी कुठे, ठाऊक नसताना गेले हो!

आता मी त्यांच्या टेबलाशी परत आलेय, पण माझ्यावर फायली रचलेल्या असतात. नवे हेडक्लार्क विमलबाबू आले, तेव्हा शरच्चंद्रबाबूंनी मोठ्या प्रेमाने मला पुढे सरकवलं. सगळी हकीकत ऐकून असलेल्या विमलबाबूंनी बिनहाताची खुर्ची ओढून घेतली.

"ही बरी, साहेब. हिला कुणी न्यायला येत नाही."

शरच्चंद्रबाबूंचं तोंड एवढंसं झालं. बाबांनो, कुणाला मान द्याल तर तो त्याचा झाला असं समजा. नाहीतर देऊच नका. गरीब बिचारा माणूस त्याच्या भरवशावर नागपूर सोडून बसतो.