मिठाच्या पाण्यातला पांढरा दगड

मित्रांनो, मी एक जुना पांढरा दगड आहे. हिंगोली जिल्ह्यात पुसेगावजवळच्या तांड्यावर पेमा विहीर खोदत होता, तेव्हा काळ्या पाषाणाच्या पोकळीत मी त्याला सापडलो. माझे पुढे तीन तुकडे झाले. दगडाचा मात्र प्रत्येक तुकडा स्वतःला 'मी'च म्हणतो.

पहिला तुकडा पेमानंच पाडला. ती चकाकती कपची बायकोनं, जिवनबाईनं, आपल्या लाल ओढणीवर आरशांच्या रांगेत टाचली.

"आरसा फुटते. ह्यो न्हाई फुटत," ती म्हणाली.

"तुह्यासारखाच हाय," पेमा हसला.

पेमा ऊसतोडीला गेला, की जिवनबाई दर अवसेला त्याचं कडं मिठाच्या पाण्यात बुडवायची. परमुलखातल्या माणसाची दृष्ट घरी राहिलेल्या वस्तूवरून उतरते, असं तिच्या सासूनं शिकवलं होतं. एका वर्षी ते राहून गेलं, आणि त्याच वर्षी पेमा तापानं गेला. ओढणी पेटीत गेली. उरलेला मी भिंतीतल्या देवळीत राहिलो.

लेक शितल रसायनशास्त्र शिकायला शहरात गेली. मी झिओलाइट आहे, हे तिला तिथं कळलं. माझ्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या खोल्या असतात. अणुकचऱ्याच्या पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम या खोल्यांत अडकतं आणि पाण्यातून दूर होतं. पण अडकलेलं सीझियम आतून किरणांचा मारा करत राहतं. त्या माऱ्यानं धरून ठेवणाऱ्याची ताकद संपते का, हे शितलला शोधायचं होतं.

तिनं माझे दोन भाग केले. एक किरणांच्या यंत्रात जाणार होता. दुसरा तुलनेसाठी घरी राहणार होता.

"याडी, ह्याला सांभाळ," ती आईला म्हणाली.

जिवनबाईनं सांभाळलं.

यंत्रातून मी परतलो तो चहाच्या रंगाचा होऊन. शितलनं साध्या, किरणं नसलेल्या सीझियमच्या पाण्यात दोन्ही भागांची थोडी थोडी भुकटी टाकून पाहिली. घरच्या भागानं भरपूर सीझियम धरलं, किरणं खाऊन आलेल्यानं फारच कमी. शितलनं निष्कर्ष लिहिला, की किरणांनी हा दगड कमजोर होतो. तिचे मार्गदर्शक रत्नपाल सरही समाधानी होते.

घरच्या भागाचा उरलेला खडा घेऊन ती तांड्यावर आली. त्या दिवशी अवस होती. आईनं खडा उचलला आणि मिठाच्या पाण्यात सोडला.

"याडी, हे काय करून राहिली?"

"दृष्ट काढून राहिले. दर अवसेला काढते."

"दगडाची? काहून?"

"त्याचा भाऊ परमुलखात होता ना. तूबी तिकडंच."

आता शितलच्या लक्षात आलं. माझ्या खोल्यांत मुळात चुन्यातलं कॅल्शियम असतं. ते सहजी जागा सोडत नाही. मिठानं ते हुसकलं आणि तिथं सोडियम बसवलं. सोडियम सीझियमला चटकन जागा देतं. फरक मिठानं पडला होता. किरणांचं काय झालं, ते कळलंच नव्हतं.

"मंग सांगू नको कोणाला," आई हळूच म्हणाली. "मीठ कोणाला दिसते?"

"सगळा मार खाऊन जो आला, त्यालाच कुचकामी म्हणू व्हय?"

आईनं पाण्यात बुडालेल्या खड्याकडे पाहिलं. विहीर आता आतून सिमेंटनं बांधून काढली होती. तिथला दगड मिळणार नव्हता. मीठही न लागलेला आणि किरणंही न खाल्लेला तुकडा एकच उरला होता. तो कुठे आहे, हे दोघींनाही माहीत होतं, आणि शितल काही मागत नव्हती.

जिवनबाई उठली. तिनं पेटी उघडली.

"केवढा लागंल?"

"सगळा, याडी. भुकटी करावी लागते."

जिवनबाईनं दातानं दोरा तोडला. एक टाका निघेना, तेव्हा तिनं तो नखानं उसवला.

"तिथं आरसा लावून देऊ?" शितलनं विचारलं.

"नको."

मित्रांनो, उद्या माझी भुकटी होईल. जाण्याआधी एवढंच मागतो. दुसऱ्याच्या हाती काही सांभाळायला द्याल, तेव्हा कसं सांभाळायचं तेही बसून सांगा. आणि मार खाऊन आलेल्याला कमजोर ठरवण्याआधी, घरी राहिलेल्याला काय काय मिळालं ते विचारा.

ओढणी वापरून वापरून विटली आहे. मी होतो तिथं मात्र कपचीएवढं कापड अजून लालभडक आहे.