केसरबाईच्या नावाचा डाग

घरातल्या घरात एकमेकांचं दवाखान्याचं कार्ड वापरण्याला आपल्याकडे कोणी खोटेपणा म्हणत नाही. उलट वापरणारा हुशार ठरतो. पुंडलिकनगरचा रामकिसनही असाच हुशार होता.

एकदा पैठणहून त्याची विधवा वहिनी साळूबाई खोकत खोकत आली. तिचं मोफत उपचाराचं कार्ड कोणी काढलंच नव्हतं. रामकिसनच्या बायकोचं, केसरबाईचं होतं. "नाव विचारलं तर केसरबाई सांगा," एवढं पढवून त्यानं वहिनीचा छातीचा सीटी स्कॅन करून आणला. गर्दीत कार्डावरचा फोटो कोणी नीट पाहिला नाही. साधा संसर्ग निघाला, गोळ्या मिळाल्या, वहिनी गावी गेली. विषय संपला!

आठ महिन्यांनी एका सोमवारी दवाखान्यातून फोन आला. "केसरबाईंना घेऊन या. जुने स्कॅन आम्ही आता कॉम्प्युटरकडून पुन्हा तपासून घेतोय. त्यांच्या फुफ्फुसात त्यानं एक डाग दाखवलाय."

डाग कोणाचा, हे रामकिसनला पक्कं ठाऊक होतं. पण वहिनीला नेलं तर बिंग फुटणार! "तूच चल," तो बायकोला म्हणाला. "तुझा स्कॅन साफ येईल. मंग वहिनीला गुपचूप दुसरीकडं दाखवू."

"अन् तवर त्या डागानं थांबायचं व्हय?" केसरबाई म्हणाली. तरी ती गेली. नवऱ्याची अब्रू तिलाही प्यारी होती.

आठवडाभरानं झालेला तिचा स्कॅन साफ आला. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर आमरीन यांनी दोघांना स्क्रीनसमोर बसवलं.

"डाग गेला म्हणायचा, मॅडम. देवाची कृपा," रामकिसन ओढूनताणून हसला.

आमरीन हसल्या नाहीत. जुन्या चित्रात वाटाण्याएवढ्या डागाभोवती कॉम्प्युटरनं लाल चौकोन काढला होता. शेजारच्या नव्या चित्रात तिथं काहीच नव्हतं.

"केसरबाई, तुमची पित्ताची पिशवी कधी काढली?"

"चार वर्षं झाली."

"मग आठ महिन्यांपूर्वीच्या छातीच्या स्कॅनमध्ये खालच्या कडेला ती जागेवर कशी दिसते? कॉम्प्युटर म्हणतो, ही दोन वेगळी माणसं आहेत. मलाही तसंच दिसतंय."

केसरबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"भाऊ, हा डाग तेव्हा माझ्या नजरेतून सुटला होता," आमरीन शांतपणे म्हणाल्या. "मशीननं तो शोधला. पण स्कॅनवर नाव तर तुम्हीच सांगितलेलं! आज मी 'डाग नाही' असं लिहून फाईल बंद केली, की ती बाई संपली. कार्डाचं काय व्हायचं ते होईल. ती कोण आहे, एवढं सांगा."

रामकिसन शहरात कॉलेजात असताना साळूबाई रोज पहाटे उठून त्याचा डबा पैठणच्या एसटीत ठेवायची. तीन वर्षांत एकदाही डबा चुकला नव्हता. आणि तो मात्र आठवडाभर तिचा आजार दडवून बसला होता!

"माझी वहिनी हाय, मॅडम!" त्याला रडू फुटलं. त्यानं तिथूनच फोन लावला. "वहिनी, खोकला हाय का अजून?"

"हाय की. आताशा थुंकीत जरा लाल दिसतंय. पण येवढ्यासाठी तुमाला कशाला तरास, भावजी?"

दुसऱ्या दिवशी साळूबाईचा स्कॅन तिच्या स्वतःच्या नावानं झाला. कॉम्प्युटरनं पुन्हा लाल चौकोन काढला. या वेळी तो बराच मोठा होता, कारण आतला डाग लिंबाएवढा झाला होता.

"उपचार आजच सुरू करू," आमरीन म्हणाल्या. "पण आठ महिन्यांपूर्वी हाती लागता तर..."

तिचं कार्ड काढायला रामकिसनला अवघे दोन दिवस लागले. दोन दिवस! त्याचीच शरम त्याला आज जास्त वाटते. गल्लीत कोणी कार्ड उसनं मागायला निघालं की तो वाट अडवतो आणि स्वतःची गोष्ट सांगतो.

तेव्हा मंडळी, तपासणीला जाताना आपलंच नाव सांगा, आणि घरात ज्याचं कार्ड नसेल त्याचं आधी काढा. मशीन कितीही हुशार झालं, तरी खोट्या नावामागचा माणूस त्याला सापडत नाही.

त्या दिवशी स्कॅनच्या खोलीतून बाहेर येताच साळूबाईनं पिशवीतून डबा काढला होता. "भाकर आणलीय, भावजी. खाऊन घ्या आधी." रामकिसनला तो डबा उघडवला नाही.