कारखान्यातला व्हायरस

साल १९९८. त्या वर्षी गणपती ऑगस्टातच आले होते, त्यामुळे जुलै अर्धा सरला तरी आमच्या पेणच्या कारखान्यात निम्म्या मूर्ती पांढऱ्याच होत्या. कारखाना म्हणजे माझा धाकटा भाऊ दाजी याचा गणपतींचा कारखाना. नवरा वारल्यावर मी माहेरी परतले आणि तिथलीच झाले. दाजी मला आक्का म्हणे, मुलं आत्या म्हणत.

त्याच वर्षी दाजीच्या मुलाने, निलेशने, पनवेलहून एक जुना कॉम्प्युटर आणला. कुणाची मूर्ती किती उंच, सोंड कोणत्या बाजूला, पितांबराचा रंग कोणता, हे पूर्वी दाजीच्या डोक्यात असे. मागण्या नागपूरपर्यंत गेल्या तशा डोक्यात मावेनात. निलेशने यंत्र आणलं खरं, पण ते उघडायची त्याला भीती वाटे. चालवायला शिकली ती त्याची बायको नमिता. हमरापूरची मुलगी, बारावीनंतर शिक्षण सोडवून आमच्याकडे दिलेली. लग्नानंतर तीन वर्षं ती दाजीसमोरून भिंतीच्या कडेनं जात असे. आता दाजी स्वतः हाक मारी, "नमिता, नागपूरवाल्यांचं बघ गो!" आणि ती खुर्चीत ताठ बसून सांगे. त्या घरात तिला मिळालेली जागा तेवढीच, एका खुर्चीपुरती.

कॉम्प्युटर कारखान्यातच ठेवला होता, रंगाच्या फळ्यांपलीकडे. आणि कारखान्याचा नियम असा, की बाईने महिन्यातले चार दिवस त्याचा उंबरा ओलांडायचा नाही. देवाच्या मूर्ती तिथं. घरातल्या बायकांचे दिवस मोजायचं काम माझ्याकडे. वीस वर्षं मी ते इमानाने केलं. आज लाज वाटते, पण केलं.

आता जावयाबद्दल. दाजीची मुलगी रोह्याला दिलेली. जावई हरेश तिथल्याच एका कंपनीत शिफ्टमध्ये होता. कंपनीत कॉम्प्युटर होते, त्यांच्या शेजारून त्याचं जाणं-येणं होतं, एवढ्यावर तो स्वतःला जाणकार समजे. सुटीच्या रविवारी गाडीने पेणला यायचा. खिशाला दोन पेनं, हातात फ्लॉप्यांचा प्लॅस्टिकचा डबा. तो डबा असा धरायचा, जसं काही साऱ्या गावाचं पंचांग त्यातच आहे. आल्यावर पोहे, मग कोंबडी, मग कॉम्प्युटरपुढे बसून मोटारी पळवायचा खेळ. दाजी कौतुकाने बघत राही. "जावयबापू काम करतायत," म्हणून आम्हाला गप्प बसवी.

त्या जुलैतल्या एका मंगळवारी नमिता चार दिवस बाजूला बसून, न्हाऊन कारखान्यात गेली आणि अर्ध्या तासात माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला.

"आत्या, त्याला काहीतरी झालंय. गुरुवारी चटकन उघडत होता. आता एक नाव शोधायला सांगितलं की मी मूर्तीचा एक हात रंगवून येईन, इतका वेळ घेतो."

शनिवारपर्यंत तसंच. रविवारी हरेश आला. त्याने आधी पडद्यावर हात ठेवून पाहिला, ताप बघतात तसा. मग पाठीमागचं झाकण काढून आत फुंकर मारली. मग कापूस मागवला, स्पिरिट मागवलं आणि की-बोर्डाची एकेक कळ पुसली. पुसून झाल्यावर डोळे मिटून बसला. वैद्यसुद्धा इतका वेळ लावत नाही.

"व्हायरस हाय," तो म्हणाला.

"म्हणजे?" दाजी.

"रोगच. हा हात लागून पसरतो, मामा." सासऱ्याला तो मामा म्हणे. "यंत्राला कुणी हात लावला, कुठल्या अवस्थेत लावला, ते बघायला हवं."

त्याला काही कळत नव्हतं, पण दाजीला काय पटेल ते बरोबर कळलं होतं. दाजीने नमिताकडे पाहिलं.

"गेल्या आठवड्यात तू बाजूला होतीस ना गो? आत आली होतीस?"

"नाही, मामंजी."

"आली नाय, तर रोग आला कुठून? गणपतींसमोर खोटं बोलू नको."

निलेश तिथंच ब्रश धूत उभा होता. त्याने मान वर केली नाही.

दाजीने तिथंच निकाल दिला. यापुढे नमिताने कॉम्प्युटरला शिवायचं नाही. दर रविवारी जावई येतील, यादी तेच बघतील. चतुर्थीला महिना उरलेला, आणि यादी रविवारच्या रविवारी!  नमिताने पदराने खुर्चीची पाठ पुसली आणि ती आत गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दाजी," मी म्हटलं, "या घरातले दिवस मोजते कोण?"

"तू."

"मग माझ्याकडून ऐक. शुक्रवारी सकाळी ही बाजूला बसली. सोमवारपर्यंत माझ्या खोलीत होती. जेवणाचं ताट मी सरकवलं, पाणी मी ओतलं. कारखान्याच्या वाटेवर माझी खाट. माझ्या अंगावरून उडी मारून गेली म्हणतोस? की मी खोटारडी?"

 ज्या नियमाने त्याने सुनेला दोषी ठरवलं, त्याच नियमाची राखणदार साक्षीला उभी होती.

"गुरुवारी यंत्र बरं होतं, मंगळवारी बिघडलं," मी म्हटलं. "मधल्या चार दिवसांत कुणी लावलं?"

"रविवारी हरेशरावांनी," निलेश पुटपुटला. "सोमवारी मी. चालू केल्यावर पडद्यावर काहीतरी इंग्रजी आलं, फ्लॉपी काढा असं. आत त्यांची खेळाची फ्लॉपी राहिली होती. मी काढून ठेवली."

"हे आता सांगतोस, बैला?"

"जावई आहेत ना ते, आत्या."

हरेश हसला. "अहो आत्याबाई, फ्लॉपी ती फ्लॉपी. तिला काय होणार? तुम्ही दिवे लावा, भजन करा."

मी दिवे लावले नाहीत. सोमवारी छत्री घेतली, ती फ्लॉपी पिशवीत टाकली आणि एस.टी. स्टँडजवळ मुआजच्या क्लासला गेले. मुआज म्हणजे आमचे जुने शेजारी नासिरभाई यांचा मुलगा. वडील कुवेतला, हा इथं मुलांना कॉम्प्युटर शिकवी. मला तो खाला, म्हणजे मावशी, म्हणे. तो कामापुरतं बोले, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास.

तो घरी आला, स्वतःच्या फ्लॉपीने यंत्र तपासलं, मग हरेशची तपासली.

"खाला, दोन्हीकडे एकच व्हायरस आहे. फ्लॉपी आत ठेवून मशीन चालू केलं की तो आत शिरतो. मग मशीन सावकाश चालतं."

"हात लागून?" दाजीने विचारलं.

मुआजने त्याच्याकडे पाहिलं. चेष्टा आहे की काय, ते त्याला कळेना.

"हाताने काय होतंय, चाचा?"

वीस मिनिटांत त्याने यंत्र साफ केलं. यादीतलं एकही नाव गेलं नव्हतं. दाजी खाकरला. "जाऊ दे. जावयाचं मन दुखवायचं नाय. नमिता, बस गो."

नमिता दारातच उभी राहिली.

"बसेन, मामंजी. पण बसेन ती महिनाभर. मधे चार दिवस उठणार नाही. मी उठते तेव्हाच यंत्राची वाट लागते."

दाजी लाल झाला. पण बाहेर नागपूरचा माणूस यादी मागत होता. नियम मोडला असं म्हणणं त्याला जमेना, आणि तिच्याशिवाय चालेना. संध्याकाळी त्याने निलेशकडून कॉम्प्युटर उचलवला आणि पडवीत ठेववला. पडवीत देव नव्हते. एवढ्यावर त्याने आपलं नाक राखलं. नमिता पडवीत बसली ती चतुर्थीपर्यंत उठली नाही, आणि त्या वर्षी एकही मूर्ती चुकीच्या घरी गेली नाही. मीही दिवस मोजणं त्या महिन्यापासून बंद केलं.

दाजी २००५ साली गेला. शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगे, की कॉम्प्युटर पडवीत ठेवायची कल्पना त्याचीच. हरेशची कंपनी बंद पडली. त्याने रोह्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि ते चालतं. लोकांना कापूस आणि स्पिरिट लागतं. त्याची चूक झाली असं त्या घरात आजही कुणी म्हणत नाही. निलेश अजून ब्रश धुतो, मान खालीच. मुआज कुवेतला गेला, तिथंच स्थिरावला. ईदला फोन करतो, कामापुरतं बोलतो.

नमिताने दाजीनंतर माहेरच्या गावी, हमरापूरला, स्वतःचा कारखाना काढला. अकरा बायका आहेत तिथं, आणि त्या महिन्याचे तीसही दिवस कामाला येतात. त्यांच्या हातच्या मूर्ती वीस वर्षं घरोघरी बसतात. देव रागावल्याचं अजून कुणी मला येऊन सांगितलेलं नाही.