हाताने पाहिलेल्या ओळी

मी एक जुना टेक्स्ट एडिटर आहे, आणि माझी निवड झाली तेव्हा लेखनिक ताईंचा निव्वळ फायदा पंधरा दिवसांचा होता. कसा, ते सांगतो. मोठ्या बागेच्या कचेरीत झाडांची एक यादी होती, नऊ हजार ओळींची. प्रत्येक ओळीत झाडाचा क्रमांक, मग कंसात त्याची जागा आणि पुढे माळीमामांनी त्या झाडाबद्दल सांगितलेले काही. नव्या साहेबांना जागा नकाशावर हवी होती, यादीत नको. नऊ हजार कंस एकेक करून खोडायचे म्हणजे पंधरा दिवस मान मोडणे आले.

मित्रांनो, त्या संगणकावर आम्ही तिघे होतो. एक अक्षरे नटवणारा. तो उघडेपर्यंत ताईंची वेणी घालून व्हायची. दुसरा रंगीबेरंगी, रोज सकाळी नवी आवृत्ती घ्या म्हणून हट्ट धरणारा. तिसरा मी, राखाडी. कुणा एकाने फावल्या वेळात मला घडवले आणि फुकट वाटून टाकले. मला ठळक अक्षर येत नाही की रंग येत नाही. पण खुणा करून शोधणे येते. त्या खुणांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात.

संगणक दुरुस्तीवाल्याने माझी शिफारस केली. "दिसायला गबाळा आहे, ताई, पण जावई नाही. सांगाल ते करतो."

"आणि नाही सांगितलं ते?"

"तेही करतो. म्हणून सांगताना जपून."

ताई हसल्या. त्याने अर्ध्या तासात शिकवले: टिंब म्हणजे कोणतेही अक्षर, चांदणी म्हणजे हवी तितकी. उघडता कंस, टिंब, चांदणी, मिटता कंस. एवढे माझ्या चौकटीत लिहायचे आणि जे सापडेल त्याच्या जागी काहीच ठेवायचे नाही. ताईंनी ते कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून पडद्याच्या कडेला चिकटवले.

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही. चांदणी हावरी असते. 'हवे तितके घे' म्हटले की ती पहिल्या मिटत्या कंसाशी थांबत नाही. ओळीतल्या शेवटच्या कंसापर्यंत सगळे गिळते. पुढे एक प्रश्नचिन्ह लावले की आवरते. मला हे ठाऊक होते. पण विचारल्याशिवाय बोलायचे नाही, अशीच माझी घडण.

आता मामांचे सांगतो. चार वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. तरी ते रोज येत. खोडावर तळवे फिरवत, बोटाने टकटक करत आणि ताईंना लिहायला सांगत: 'साल सैल झाली आहे, आत पाणी आहे', 'पोकळ वाजते, टेकू द्या'. ताई लिहीत, आणि अशा प्रत्येक ओळीच्या शेवटी आपल्या हुशारीने दुसरा कंस घालत: (हाताने). उद्या चुकले तर बालंट आपल्यावर नको. अशा अकराशे चाळीस ओळी झाल्या, सगळ्या यादीच्या तळाशी.

साहेबांनी स्पष्टच सांगितले होते, "डोळे नसलेला माळी काय काम करतो, ते यादीत दिसेलच. शनिवारी ठरवू."

शुक्रवारी सकाळी ताईंनी कळ दाबली. मी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कळवले: ९,००० बदल झाले. वरच्या वीस ओळी त्यांनी पाहिल्या. त्या जुन्या, एकाच कंसाच्या. आरशासारख्या स्वच्छ निघाल्या होत्या.

मामा दाराशी काठी टेकवून उभे होते. "झालं का गं? माझं सगळं आलं ना?"

"आलं, मामा."

"खालचंही पाहिलंस?"

"पाहिलं."

ताईंनी पाहिले नव्हते. ते मला माहीत होते. त्यांनी फाइल साठवली, मला बंद केले आणि झालेले बदल मागे घेण्याची माझ्याजवळची वाट तिथेच मिटली. जुनी प्रत निघाली ती पाच वर्षांपूर्वीची.

शनिवारी साहेबांनी ताईंचे तोंडभर कौतुक केले. मग शेवटची पाने चाळली. तिथे नुसते क्रमांक होते, एकाखाली एक, पुढे कोरे. "चार वर्षांत यांनी काहीच पाहिलं नाही की," ते म्हणाले. ताईंना त्याच क्षणी उमगले. पण कौतुक अजून ताजे होते, आणि त्या गप्प बसल्या. तेवढ्यात मामांना कामावरून काढण्याच्या कागदावर सही झाली.

सोमवारी मामा अवजारांच्या खोलीची किल्ली द्यायला आले, तेव्हा ताईंनी सगळे सांगितले. मामांनी चाचपत किल्ली टेबलावर ठेवली.

"शनिवारी सांगितलं असतंस तर?"

"भीती वाटली."

"बरं," ते म्हणाले. "क्रमांक वाच. आठवेल तेवढं सांगतो."

ताई साहेबांकडेही गेल्या. साहेब म्हणाले, यादी भरा, चांगलेच आहे. पण केलेली सही मागे घेण्याची पद्धत नाही.

मित्रांनो, मला नावे ठेवणारे कुणी नाही, हेच मला बोचते. सगळे म्हणतात, यंत्राला काय कळते. मला कळत होते. म्हणून विनवतो: माझ्याकडून मोठे काम करून घेण्याआधी एक प्रत बाजूला काढा. वरच्या वीस ओळी पाहून भाळू नका, तळही पाहा. आणि न पाहिलेले 'पाहिले' म्हणू नका.

सहाशे दोन ओळी मामांनी आठवणीने सांगितल्या. उरलेल्या झाडांना पुन्हा हात लावावा लागतो, म्हणून दर रविवारी दोघे बागेत जातात आणि सोमवारी ताई ते माझ्यात उतरवतात. शेवटचा कंस आता त्या घालत नाहीत. दुरुस्तीवाल्याला त्याची मजुरी मिळाली, साहेबांना यादी, मला नवी फाइल. ताईंचे रविवार गेले. त्या बागेच्या नोकर, म्हणून फाटकावर त्यांना तिकीट लागत नाही. मामांना लागते. ते दर रविवारी स्वतःचे तिकीट काढून आत जातात.