सदा लावावा की मजनू

हाशिम-आकाच्या अंगणातल्या सदाच्या झाडाची सावली इतकी गच्च होती, की गावात पाऊस थांबल्यावर तीन दिवसांनी तो त्या झाडाखाली पडायला लागायचा. आत शिरलेली चिमणी नातवंडं घेऊनच बाहेर यायची. मरगिलानचा एक टोपीवाला भर दुपारी तिथे टेकला आणि रात्र झाली असं समजून झोपला. उठला तोवर त्याच्या टोप्यांची फॅशन जाऊन परत आली होती. यातलं जे पटणार नाही ते सोडून द्या. पण उंच सरळसोट खोडावर कुंभाराने चाकावरून उतरवून ठेवल्यासारखं गोल हिरवं डोकं, असं झाड त्या गल्लीत दुसरं नव्हतं, एवढं मात्र सोडू नका. आणि ते डोकं हाशिम-आकाने स्वतःच्या हाताने उडवलं.

मे महिना होता. रेशमाचे किडे शेवटच्या झोपेतून उठले होते आणि त्यांच्या चरण्याचा आवाज पत्र्यावर सर आल्यासारखा घरभर भरला होता. आका पहाटेपासून तुतीच्या फांद्या तोडून आणत होता. जन्मभर त्याने हेच केलेलं. तुतीचं डोकं दरवर्षी उडवायचं, पुढच्या वर्षी ते दुप्पट होऊन येतं. दमून तो सदाखालच्या लाकडी तख्तावर बसला. बायकोने, इनायतने, निळ्या किटलीतून चहा ओतला. पियाला ओठाशी नेला तोच वरून साळुंकीने नेम धरला. थेट पियाल्यात.

कुऱ्हाड हाताशीच होती.

"अहो झुमरदचे बाबा, उतरा खाली!" इनायत शिडी धरून ओरडत होती. "माझ्या बाबांनी लग्नात दिलेलं झाड आहे ते!"

"उगाच बोंबलू नकोस. झाड आहे, टकल्याचे केस नव्हेत. पुढच्या वर्षी दुप्पट होऊन येईल."

आलं की! महिनाभरात खोडाला धुमारे फुटले. पण कसले? केरसुणी उलटी रोवावी तशा उभ्या काटक्या, त्यांना बारकी, विरळ पानं. त्या सावलीत बसलेला माणूस उन्हातल्यापेक्षा जास्त भाजायचा. इनायतने ऑगस्टपर्यंत वाट पाहिली. मग निळी किटली फडक्यात गुंडाळली. चाळीस वर्षांच्या संसारातून तिने फक्त तेवढी एक वस्तू उचलली, हेच आकाला फार लागलं.

"जिथे माझी सावली नाही, तिथे माझा चहा नाही," म्हणाली आणि कुवा गावाला भावाकडे निघून गेली.

हिवाळा आकाने कसा काढला ते शेगडीला विचारा, कारण तो फक्त तिच्याशीच बोलायचा. चहा रश्श्याच्या पातेल्यात उकळायचा आणि त्याला गाजराचा वास यायचा. नान आणायचा, अर्धी खायचा, उरलेली अर्धी सवयीने समोरच्या रिकाम्या गादीपुढे ठेवायचा. मेहुण्याचा, सोबिरचा, निरोप आला होता: रिकाम्या हाताने दारात आलात तर तंगडी मोडून तीच हातात देईन.

शेवटी वसंतातल्या नवरोजनंतर आठ दिवसांनी आका शेजारच्या रहमतुल्लाला घेऊन मरगिलानच्या बाजारात गेला. अंगणात सावली उभी केल्याशिवाय इनायत परत येत नाही, आणि सावली विकत मिळते ती रोपवाल्या मामासोलीकडे.

"मजनू लावा, आका," रहमतुल्ला वाटेपासूनच लागला होता. "माझ्या सासऱ्याने पाटाकडेला मजनूची काठी रोवली आणि नमाजाला गेला. परत येऊन बघतो तर काठीखाली सावली, आणि सावलीत चौघं पत्ते खेळतायत!"

"त्यातला एक तू असशील," मामासोली म्हणाला. "आका, मजनू आधी पाट पितो, मग हौद, मग शेजाऱ्याचा समोवार. भिंतीखाली मुळं घालतो. वीस वर्षांत आतून पोकळ. सदाचं तसं नाही. बर्फ पडो, पाणी आटो, दीडशे वर्षं जागचा हलत नाही."

"पण बसण्याजोगी सावली कधी?"

"मजनूची तिसऱ्या उन्हाळ्यात. सदाची..." मामासोलीने दाढी खाजवली. "पंधरा वर्षं धरा."

आका एकाहत्तरचा होता. तो बोटांवर वर्षं मोजायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

"मग मजनूच," रहमतुल्ला म्हणाला.

"हो ना, बायको आधीच रुसून गेलीय, तिला अंगणात केस सोडून रडणारं झाड दाखवा! म्हणेल, मी मेले समजून लावलंत की काय?" मामासोली उसळला.

आकाने दोन्ही रोपांकडे पाहिलं. एक आजच रडत होतं आणि दुसरं त्याच्या मयतीनंतर हसणार होतं. तो तिथेच ओल्या मातीच्या ढिगावर बसला. "मलाच पुर इथे, मामासोली. पाणी घाल. कदाचित मीच उगवेन."

मामासोलीची चेष्टा आटली. त्याने शेजारी बसत विचारलं, "जुना कापला तो कुठून?"

"गळ्याशी. तिथे एक गाठ होती, ओंगळ दिसायची. म्हटलं तीही जाऊ दे. तिच्याखालून."

"अहो, तो सांधा होता!" मामासोलीने कपाळाला हात लावला. "सदा बी पेरून येत नाही, आका. पाय रानटी झाडाचे, डोकं कलमाचं. तुम्ही डोकं उडवलंत, आता पाय स्वतःची पानं काढतायत."

चाळीस वर्षं आका त्या गाठीखाली बसून चहा प्यायला होता.

"मुळं जुनी आहेत, ताकदीची. त्याच खोडावर पुन्हा कलम बांधलं तर तिसऱ्या उन्हाळ्यात डोकं धरेल. पण माझ्याकडच्या कलमाच्या काड्या केव्हाच संपल्या."

"सासऱ्यांचं मूळ झाड कुव्याला आहे! मेहुण्याच्या अंगणात!"

"काडी झोपलेली लागते. डोळे उघडले की मेली. आणि गरम वारं बघताय ना कसं सुटलंय? उशीर झाला असेल. मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! आका उठून पळतच सुटला. गाडीत पाचवा म्हणून कोंबून बसला आणि कुव्यापर्यंत रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाकडे मान लांब करून बघत राहिला. सगळी हिरवी.

"काय आका," ड्रायव्हर म्हणाला, "झाडं पहिल्यांदाच पाहताय?"

"शेवटची," आका म्हणाला.

दार सोबिरनेच उघडलं. दाराएवढाच रुंद माणूस. "रिकाम्या हाताने आलात."

आकाने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. अंगणातल्या सदाच्या गोल डोक्यावर हिरवं धुकं धरलं होतं. फांदीन् फांदी फुटलेली. तो उंबऱ्यावरच बसला. "मोड माझी तंगडी, सोबिर. आता तिला कुठे जायचंच नाही."

"कोण आहे रे?" आतून इनायतचा आवाज आला.

"तुझा लाकूडतोड्या."

ती ओले हात पुसत आली आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली. तो केवढा वाळला होता. "काय हवंय?"

"काडी हवी होती. झोपलेली. एकच." त्याने टोपी काढून हातात घेतली. "मला माहीत नव्हतं गं झुमरदची आई, त्याला सांधा होता."

"माहीत नव्हतं तर विचारायचं."

"विचारलं की! रहमतुल्लाला विचारलं, मामासोलीला..."

"आणि झाड ज्या घरातून आलं, त्या घरात?"

ती वळली आणि तळघराच्या पायऱ्या उतरून गेली. बराच वेळ खालून काही खरवडल्याचा आवाज येत होता. वर आली ती ओल्या वाळूची बादली घेऊन. वाळूत हात घालून तिने एक काडी उपसली. काळसर, ओलसर, सगळे डोळे घट्ट मिटलेले. मग दुसरी. एकूण नऊ.

"ऐन चिल्ल्याच्या, चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीत मला शिडीवर चढवलं हिने," सोबिर कुरकुरला. "म्हणे, तो येईल. मी म्हटलं, ते गाढव येत नाही. तरी आठवड्याला वाळूवर पाणी शिंपडते!"

"तू गप रे," इनायत म्हणाली.

त्याच दुपारी ती आकाबरोबर घरी आली आणि शिडीवर चढली. रानटी धुमारे उतरवून तिने नऊही काड्या बसवल्या, वरून मेण लावलं, जुन्या ओढणीच्या चिंध्या आवळल्या. आकाने शिडी धरली. सुरीला हात लावायची त्याला बंदी होती. किटली मात्र कुव्यालाच राहिली. "आधी काडीचा डोळा फुटू दे," ती म्हणाली. "नाही फुटला, तर मी माझी जाते."

मग आका दिवसभर शिडीशी बसून टोपीने साळुंक्या हाकलत राहिला. त्याच्या टोपीचा वारा इतका, की गल्लीतलं धुणं दुप्पट वेगाने वाळायचं. बाराव्या दिवशी एक काडी सुरकुतली. मग दोन. अठराव्या दिवसापर्यंत सात गेल्या. त्याने तिला सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. मात्र रोज संध्याकाळी ती आपली ओढणी दाराच्या खुंटीला लावायची, आणि निघालेल्या माणसाची ओढणी कशी असते ते आकाला चांगलं माहीत झालं होतं.

विसाव्या सकाळी ती अंगण झाडत होती. झाडता झाडता थांबली आणि कपाळावर हात धरून वर बघत राहिली.

"अहो, सोबिरला निरोप पाठवा."

आकाने शिडी घट्ट धरली. "काय... काय म्हणून?"

"किटली घेऊन ये म्हणावं."